वेदनाशामक म्हणून गांजा : प्रश्न मात्रेचा

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर जळगाव-जामोद आणि संग्रामपूर हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेले आहेत. हा डोंगर ओलांडला की निमाड लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यप्रांतात सरकारी परवान्याने गांजाचे पीक घेतले जाई, ते याच निमाड जिल्ह्यात, खांडव्याच्या आसपास. तयार माल सरकारी देखरेखीखालील कोठारात जाई आणि कर भरल्यानंतरच परवानाधारक व्यापाऱ्याच्या हाती पडे. खांडवा, भुसावळ, मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे लोहमार्गाने एकमेकांस जोडलेली होती. कापूस, ज्वारी आणि तूर यांच्या या मुलखाला गांजा ही दूरदेशीची वस्तू नव्हती. ते शेजारच्या जिल्ह्याचे पीक होते.

आज या भागात गांजासंबंधी दोन प्रश्न विचारले जातात. कपाशीच्या बेभरवशाच्या भावाने गांजलेला शेतकरी विचारतो की, हे पीक घेण्यास परवानगी का नसावी. कर्करोगाच्या किंवा जुनाट संधिवाताच्या रोग्याचे नातेवाईक विचारतात की, याने कळ थांबते हे खरे काय. हे दोन प्रश्न परस्परांत मिसळून मांडले जातात, आणि पहिल्याच्या आग्रहाने दुसऱ्याचे उत्तर ठरविले जाते. प्रस्तुत लेखात मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. पहिल्याकडे शेवटी वळावयाचे आहे.

प्रारंभी शब्दांचा खुलासा करणे इष्ट होय. एकाच वनस्पतीपासून तीन पदार्थ मिळतात. पानांची ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा, आणि त्या फुलोऱ्यावरील राळ वेगळी काढली की ती चरस. या वनस्पतीत नर व मादी झाडे स्वतंत्र असतात. मादी फुलांत परागण झाले नाही तर बी धरत नाही आणि फुलोऱ्यावरील ग्रंथिरोमांत राळ साठत राहते. म्हणून गांजाच्या शेतातून नर झाडे शोधून उपटून टाकणे हे जाणकाराचे काम मानले जाई. एक नर झाड नजरेतून सुटले तरी भोवतालचा माल बियाळ होतो. पश्चिम व मध्य हिंदुस्थानात कापलेले तुरे पायांनी तुडवून चपटे करण्याची रीत होती. औषधी गुणाचा सारा भार या राळेवर आहे, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

लोकव्यवहारात गांजा होता तो मुख्यत्वे चिलमीच्या रूपाने. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात काशीच्या गोसाव्याने शेगावी येऊन महाराजांस गांजा अर्पण केल्याचा प्रसंग आहे, आणि महाराजांची चिलीम भाविकांच्या परिचयाची आहे. हा प्रसंग भक्तीचा आहे, चिकित्सेचा नव्हे. तो येथे इतक्याचसाठी नमूद केला की, गेल्या शतकाच्या आरंभी या जिल्ह्यातील श्रोत्याला गांजा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नव्हते.

मग आपल्या वैद्यकाने याचा वेदनाशामक म्हणून उपयोग केला होता काय? या प्रश्नाचे उत्तर देताना अलीकडे फार घाई केली जाते. अथर्ववेदात भंगेचा उल्लेख आहे हे खरे. पण उल्लेख म्हणजे चिकित्साप्रयोग नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात द्रव्यांचे दहा-दहांचे गण सांगितले आहेत. त्यांपैकी ‘वेदनास्थापन’ गणात शाल, कट्फल, कदंब, शिरीष, अशोक इत्यादी दहा द्रव्ये येतात. ‘शूलप्रशमन’ गणात पिंपळी, चित्रक, सुंठ, मिरी, ओवा या वर्गातील द्रव्ये आहेत. या दोहोंत भांग नाही. ‘विजया’ हे नाव जुन्या ग्रंथांत दिसले की भांगच अभिप्रेत आहे असे धरून चालणेही धोक्याचे आहे, कारण हिरडीच्या सात जातींपैकी एकीचे नाव विजया हेच आहे. नामसाम्यावर उभारलेली प्राचीनता फार काळ टिकत नाही.

भांगेचे औषध म्हणून स्पष्ट वर्णन मध्ययुगीन ग्रंथांत येते. शार्ङ्गधराने ती ‘व्यवायी’ द्रव्याचे उदाहरण म्हणून दिली आहे. पचन होण्यापूर्वीच सर्व शरीरात पसरणारे ते व्यवायी. सोळाव्या शतकातील भावमिश्राने तिचे गुण सांगितले आहेत ते कफनाशक, ग्राही, पाचक, तीक्ष्ण, उष्ण, पित्तवर्धक आणि मोह, मद, वाणी व अग्नी वाढविणारी असे. यावरून तिचे मुख्य स्थान अतिसार, ग्रहणी व अग्निमांद्य यांत होते हे दिसून येते. ग्रहणीवर प्रसिद्ध असलेल्या जातीफलादि चूर्णात भांगेचे प्रमाण लक्षणीय आहे. पोटातील मुरडा थांबला की कळही थांबते, या अर्थाने वेदनाशमन त्यात अंतर्भूत आहेच. परंतु ‘सर्व वेदनांवर रामबाण’ अशी तिची ख्याती आपल्या जुन्या वैद्यांनी करून ठेवलेली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हा त्यांचा संयम आजच्या जाहिरातींपेक्षा अधिक शास्त्रीय आहे.

त्यांच्या शोधनविधीकडे मात्र रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. भांग पाण्याने पुनःपुन्हा धुवावी, गाईच्या दुधात स्वेदन करावे, वाळवावी आणि तुपात मंद परतावी, असा हा सर्वसाधारण क्रम आहे. राळेतील मादक घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे धुतल्याने इतर द्रव्ये निघून जातात, पण मादक घटक राहतो. ताज्या वनस्पतीत हा घटक आम्लरूपात असतो व त्या रूपात तो मादक नसतो. उष्णता लागली की कार्बन डायऑक्साइडचा रेणू सुटून तो क्रियाशील होतो. तो मेदविद्राव्यही आहे. म्हणजे तुपात परतणे ही क्रिया औषध जागे करणारी आणि शोषणास मदत करणारी ठरते. शोधनाने मद निघून जातो असा जो समज विद्यार्थ्यांत आढळतो, तो यावरून निराधार ठरतो.

वेदनेवरील औषध म्हणून या वनस्पतीची पद्धतशीर परीक्षा प्रथम कलकत्त्यात झाली. कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक असलेल्या विल्यम ब्रुक ओशॉनेसी याने १८३९ मध्ये तेथील वैद्यकीय सभेपुढे आपला निबंध वाचला. (पुढे या देशात तारायंत्राचे जाळे उभारणारा तो हाच.) त्याने आधी कुत्र्यांवर व इतर प्राण्यांवर प्रयोग केले, मग संधिवात, धनुर्वात, पटकी, पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश आणि लहान मुलांचे झटके यांत राळेचा अर्क देऊन पाहिला. संधिवाताच्या रोग्यांना त्याने एक ग्रेन राळ दिली. बहुतेकांस आराम पडला, भूक वाढली, चित्त प्रसन्न झाले. परंतु त्यांपैकी एका रोग्याचे अंग ताठरून, ठेवावे तसे हातपाय राहू लागले आणि पाहणारे घाबरून गेले. तो रोगी काही तासांनी पूर्ववत झाला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशात रोगी वाचला नाही, पण त्याच्या यातना कमी झाल्या, हे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. रोग बरा करणे आणि यातना हलक्या करणे यांतील हा भेद त्याने त्या काळी इतका स्पष्ट केला, हे त्या निबंधाचे खरे महत्त्व होय.

१८४० नंतरच्या दशकात हे औषध लंडनला पोहोचले. पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्याचा मद्यार्कातील अर्क तयार केला. जे. रसेल रेनल्ड्स याने तीस वर्षांहून अधिक काळच्या अनुभवाचा सार १८९० मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध केला; मज्जातंतूंची कळ व अर्धशिशी यांत त्याला हे औषध उपयुक्त वाटले. मात्र सर्वच प्रकारच्या वेदनांवर त्याचा गुण येत नाही हेही त्याने नोंदविले. थेंबाथेंबाने मात्रा वाढवावी आणि एकाच मालाचा अर्क वापरावा, असा त्याचा आग्रह होता.

या आग्रहात पुढील साऱ्या अपयशाचे बीज आहे. अफूतून मॉर्फीन १८०५ च्या सुमारास वेगळे झाले होते. ते पाण्यात विरघळणाऱ्या क्षाररूपात मिळे, तोलून देता येई आणि १८५० नंतर त्वचेखालील सुईने टोचताही येऊ लागले. गांजाची राळ पाण्यात विरघळेना, म्हणून ती टोचता येईना. तिच्यातील क्रियाशील घटक कोणता हेच ठाऊक नसल्यामुळे तोलणार तरी काय? एका पिंपातील अर्काने रोगी झोपी जाई, तर दुसऱ्यातील अर्काच्या दुप्पट मात्रेनेही काहीच होत नसे.

मालाच्या वयाचा प्रश्नही होताच. डेव्हिड प्रेन याने १८९३ च्या आपल्या अहवालात गांजा साठवणीत निकृष्ट होत जातो हे दाखविले होते. १८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पिव्ही व ईस्टरफील्ड यांनी चरसापासून ‘कॅनाबिनॉल’ वेगळे केले, तेव्हा मूळ द्रव्य सापडले असे वाटले. वस्तुतः ते मादक घटकाच्या ऱ्हासातून बनणारे द्रव्य होते. रसायनशास्त्राच्या हाती प्रथम आले ते शिळ्या मालाचे लक्षण! रासायनिक मापाच्या अभावी अमेरिकेतील औषध कंपन्या अर्काचा कस कुत्र्यावर ठरवीत. कुत्रे किती मात्रेने झोकांड्या खाऊ लागते हे पाहून बाटलीवर शिक्का बसे. १८९९ मध्ये अ‍ॅस्पिरिन बाजारात आल्यावर अर्धशिशीच्या रोग्यासाठी असला जुगार खेळण्याचे कारण उरले नाही. ब्रिटिश औषधकोशातून हे औषध १९३२ मध्ये वगळले गेले आणि अमेरिकेच्या औषधकोशातून १९४२ मध्ये. केवळ कायद्याच्या दडपणाने ते लुप्त झाले असे म्हणणे अपुरे आहे. कायद्याने धक्का दिला खरा, पण तोवर चिकित्सकांचा विश्वास अगोदरच ढळला होता.

मध्यंतरी हिंदुस्थान सरकारने जुलै १८९३ मध्ये डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. आयोगाने ११९३ साक्षीदारांच्या साक्षी नोंदविल्या. मध्यप्रांतातील अनुभवी अधिकारी ए. एच. एल. फ्रेझर हे सदस्य होते. डायमॉक व हूपर यांच्याबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ लिहिणारे रसायनतज्ज्ञ सी. जे. एच. वॉर्डन हेही होते. परिमित सेवनाने सामान्यतः म्हणण्यासारखी हानी होत नाही, अतिसेवनाने होते, आणि संपूर्ण बंदी इष्ट नाही, हा आयोगाचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे ती त्याची सत्तर प्रश्नांची प्रश्नावली. देशी वैद्य ही द्रव्ये औषधात वापरतात काय, गुरांच्या रोगांवर ती देतात काय, असे त्यात स्पष्टपणे विचारले होते. मूळव्याधीच्या ठणक्यावर भांगेच्या पानांचे पोटीस बांधणे, पोटातील कळेवर ती पोटात देणे, अशा उपयोगांच्या नोंदी त्या उत्तरांतून मिळतात. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतापासून वेगळे, १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांकडे सोपविलेले प्रदेशखंड होते. म्हणून वऱ्हाडच्या साक्षी अहवालाच्या सातव्या खंडात मुंबई व सिंध यांच्या साक्षींबरोबर छापलेल्या आहेत. निमाडच्या साक्षी मध्यप्रांताबरोबर आणि बुलढाण्याच्या साक्षी मुंबईबरोबर अशी ही फाटाफूट झाल्याने दोन्ही खंड शेजारी ठेवून वाचल्याखेरीज या भागाचे चित्र पुरे होत नाही. खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, हेही वाचणाऱ्याने विसरू नये. नाहीतर आजच्या बुलढाण्याची निम्मी हकीकत अकोल्याच्या नावाखाली निसटून जाईल.

मात्रेचा प्रश्न सुटण्यास १९६४ साल उजाडावे लागले. इस्रायलमध्ये गाओनी व मेशुलाम यांनी मुख्य मादक घटक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल शुद्ध रूपात वेगळा करून त्याची रचना ठरविली. कॅनाबिडायॉल या मादक नसलेल्या घटकाची रचना त्याच्या आदल्याच वर्षी मेशुलाम यांनीच उलगडली होती. १९८८ मध्ये मेंदूतील ज्या ग्राहकस्थानांवर हा घटक बसतो त्यांचा छडा लागला, आणि १९९२ मध्ये त्या ग्राहकांसाठी शरीर स्वतःच जे द्रव्य तयार करते ते सापडले. त्याला ‘आनंदामाइड’ असे नाव देण्यात आले. त्यातील पहिला अर्धा भाग संस्कृत आहे हे सांगावयास नको. ही ग्राहकस्थाने पृष्ठरज्जूत व मध्यमेंदूत, वेदनेचा संदेश जेथे पुढे सरकतो वा अडविला जातो अशा जागी आहेत. संदेश घेणारी पेशी हे द्रव्य उलट दिशेने सोडते आणि संदेश देणाऱ्या पेशीचा स्राव कमी करते. वेदनाशमनाची उपपत्ती अशा रीतीने सिद्ध झाली. तथापि उपपत्ती सिद्ध होणे म्हणजे रोग्यास गुण येणे नव्हे.

प्रत्यक्ष रोग्यांवरील चाचण्या काय सांगतात? मज्जातंतुजन्य जुनाट वेदनेसंबंधी कॉक्रेन संस्थेचा २०१८ चा आढावा १६ चाचण्या व १७५० रोगी यांवर आधारलेला आहे. वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेल्या रोग्यांचे प्रमाण औषधाच्या गटात शेकडा २१ होते. दिसावयास तसेच पण औषधहीन द्रव्य घेतलेल्यांत ते शेकडा १७ होते. म्हणजे एका रोग्यास हा लाभ व्हावा म्हणून वीस जणांना औषध द्यावे लागते. दुष्परिणामांमुळे उपचार सोडणारे पहिल्या गटात शेकडा १० तर दुसऱ्या गटात ५ होते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मधील २०२१ च्या आढाव्यात ३२ चाचण्या व ५१७४ रोगी होते. वेदना व निद्रा यांत लाभ आढळला, पण तो अल्प होता. कर्करोगाच्या ज्या वेदनेवर अफूवर्गीय औषधे पुरी पडत नाहीत, तेथे तोंडात फवारावयाच्या अर्काच्या मोठ्या चाचण्या आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत. याच सुमारास, २०२१ मध्ये, वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेवर या द्रव्यांच्या सर्वसामान्य वापरास पाठिंबा देण्यास नकार दिला. २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ ने कंबरेच्या जुनाट दुखण्यावरील एका प्रमाणित अर्काची ८२० रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत दहा गुणांच्या मापावर औषध व औषधहीन द्रव्य यांतील फरक सुमारे ०.६ गुणांचा होता. फरक खरा आहे. तो मोठा नाही.

या आकड्यांकडे निराशेने पाहण्याचे कारण नाही, पण त्यांना फुगवूनही दाखवू नये. बहुविध तंतुकाठिण्यातील स्नायूंचा ताठा व त्यामुळे होणारी कळ यांत या औषधाचे स्थान बरेचसे मान्य झाले आहे, आणि काही मज्जातंतुजन्य वेदनांत, इतर औषधे हरल्यावर, ते वापरून पाहण्याजोगे आहे. या साऱ्या चाचण्यांतील औषध म्हणजे मिलिग्रॅममध्ये मोजलेला अर्क किंवा शुद्ध घटक होय, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. चिलमीतील गांजाच्या बाबतीत त्यांचा दाखला देणे म्हणजे पुन्हा ओशॉनेसीच्या एका ग्रेनपाशी परत जाणे होय. शिवाय चिलमीच्या धुराने फुप्फुसास अपाय होतो, आणि कोवळ्या वयातील व मनोविकाराची प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींत तीव्र गांजाने बुद्धिभ्रंशाचा धोका वाढतो. हे भावमिश्राच्या ‘मोह’ व ‘मद’ या शब्दांत फार पूर्वीच सूचित झालेले आहे.

आता कायद्याकडे वळू. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सहभागी झाला तेव्हा पाने गांजाच्या व्याख्येबाहेर राहिली. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यातही गांजा म्हणजे फुलोरा वा फलधारी तुरे. त्यांच्यापासून वेगळी असलेली पाने व बी त्यात मोडत नाहीत. म्हणून भांग केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, परंतु महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते व परवान्यावाचून बाळगता येत नाही. भांगयुक्त आयुर्वेदीय औषधे विषारी द्रव्यांच्या ‘ई-१’ अनुसूचीत असल्याने त्यांच्या वेष्टनावर वैद्याच्या देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. वैद्यकीय व शास्त्रीय कारणांसाठी लागवडीस परवाना देण्याचा अधिकार १९८५ च्या कायद्याने राज्यसरकारास आहे. जम्मूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिनमध्ये अशी परवानायुक्त लागवड व संशोधन झाले आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक अनुसूचीतून काढले, तेव्हा भारताचे मत बदलाच्या बाजूने पडले.

बुलढाण्याच्या शेतकऱ्याला यातून आज काय मिळते? जवळजवळ काहीच नाही. तुरीच्या व कपाशीच्या ओळींत दडविलेली गांजाची झाडे जप्त झाल्याच्या बातम्या या जिल्ह्यातूनही येतात, आणि विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. शिवाय उद्या वैद्यकीय लागवडीस परवाने मिळू लागले तरी औषधासाठी लागणारा माल हा एकसारख्या कलमांचा, बंदिस्त जागेतील, प्रत्येक तोडणीला प्रयोगशाळेत तपासलेला असावा लागतो. ते कोरडवाहू जमिनीचे पीक नव्हे. परवानगीचा प्रश्न औषधाच्या नावाने मांडणाऱ्यांनी हे शेतकऱ्याला सांगितले पाहिजे.

वेदनेने तळमळणाऱ्या रोग्याच्या बाबतीत तर गांजाची चर्चा एका निकडीच्या गोष्टीवर पडदा टाकते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फीनची उपयुक्तता निर्विवाद आहे. १९८५ च्या कायद्यानंतर ते ठेवण्यासाठी अनेक परवाने लागू लागले आणि रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘आवश्यक’ ठरवून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस एकाच परवानगीने ती ठेवण्याची सोय केली. मेहकर, लोणार किंवा संग्रामपूर येथील रोग्याला मॉर्फीनची गोळी घरापासून किती अंतरावर मिळते, ती लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर कोठे आहे, आणि ती न मिळाल्याने किती कुटुंबे चिलमीकडे वा गावठी उपायाकडे वळतात, ही पाहणी तालुकावार करता येण्याजोगी आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने आयोगाच्या सातव्या खंडातील वऱ्हाडच्या साक्षींपासून आरंभ करावा आणि त्याच गावांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतील औषधसाठ्याच्या नोंदवहीपर्यंत यावे.